कागद अडकल्यावर

“प्रिंटर परत हँग झाला! निमिषचा ड्रायव्हर टाकून देऊ, दुसरं काय,” आमचे लीड राजेशसर पलीकडून म्हणाले. दोघंतिघं हसले. माझ्या शेजारी निमिष मान खाली घालून बसला.

मी त्याचाच, प्रिंटर चालवणाऱ्या त्या ड्रायव्हरचा कोड वाचत होते. एक छपाई चालू असताना दुसरी मध्ये घुसू नये म्हणून तो कोड कामाआधी प्रिंटरला कुलूप, म्हणजे लॉक, लावत होता आणि काम झालं की आठवणीने काढत होता. फक्त कागद अडकला, की कुलूप तसंच ठेवून बाहेर पडत होता. मग मागची सगळी कामं ताटकळत.

बिनसलं की माझंही असंच होतं. मी आतून कडी लावून बसते आणि माणसं दाराशी थांबून राहतात.

आज मात्र खुर्ची मागे सरकवली.

“सर, कोड चांगलाय. कागद अडकला तरी कुलूप काढायची एकच ओळ राहिलीय, निमिषच घालेल.”