अकरा जणांचा एक बाप

दुपारी जेवण झालं की खुर्चीत माझा डोळा लागतो. निवृत्तीनंतर नेमानं करायचं तेवढंच एक काम माझ्याकडे उरलं आहे. त्या अर्धवट झोपेत पुष्कळदा एक खोली दिसते. खिडकीबाहेर आदिलाबादच्या थंडीतलं धुकं, आत टेबलावर जुना कॉम्प्युटर आणि पडद्यावर एक पांढरा, रिकामा रकाना. त्यात एक उभी रेघ लुकलुकत असते. मी काहीतरी लिहायला हात उचलतो आणि जागा होतो. खून, दरोडे पाहिलेल्या माणसाला स्वप्नात रकाना दिसावा, याचं माझ्या बायकोला हसू येतं. मी तिला दर वेळी सांगतो, की त्या रकान्यात एक बाई हरवली होती.

तेव्हा मी महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या भागात सर्कल इन्स्पेक्टर होतो. बदली होऊन मला फार दिवस झाले नव्हते. एका सकाळी ठाण्यात चाळिशीची एक बाई आली. कापूस वेचायचे दिवस होते. लुगड्याला बोंडांची कुसं चिकटलेली होती, म्हणजे शेतातून ती तशीच आली होती. आठवडी बाजारात तिची साठीतली आई हरवली होती. आईला विसरायला व्हायचं. घरातल्या घरात ती वाट चुकायची.

"मीनंच तिले बांगड्यावाल्यापाशी बसवलं," बाई म्हणाली. "म्हटलं, माय, इथंच बस, मी ज्वारी घेऊन येतो. आली तं माय नाई. हात सोडला मीनं साहेब."

हे शेवटचं वाक्य ती पुढे प्रत्येक भेटीत म्हणायची. मी दर वेळी तिची फाइल उघडून पाहायचो.

ठाण्यातल्या रायटर हवालदारानं तक्रार लिहून घेतली. नाव, वय, नवऱ्याचं नाव, गाव, अंगावरचं लुगडं. हरवलेली म्हातारी विधवा होती, पण नवऱ्याच्या नावाचा रकाना असतोच. मी 'महिला बेपत्ता'चा गुन्हा नोंदवला आणि सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश गेला. फोटो होता तो रेशनकार्डावरचा, वीस वर्षांपूर्वीचा, त्यात चेहऱ्यापेक्षा पदरच जास्त. बस स्टँड झाले, रेल्वे स्टेशनं झाली, उटनूरच्या रानातल्या वस्त्यांवर माणसं पाठवून झाली. बेवारस सापडलेल्या माणसांची नोंद जिल्ह्याच्या एका कचेरीत कॉम्प्युटरवर ठेवत. तिथून उत्तर आलं, या नावाची, या नवऱ्याची कोणी बाई आमच्याकडे नाही. मी ते उत्तर फाइलला लावलं. कॉम्प्युटर नाही म्हणाला, म्हणजे नाही, असं माझं तेव्हाचं मत होतं.

कापूस संपला, उन्हाळा गेला, पुन्हा कापूस आला. म्हातारीची लेक दर सोमवारी ठाण्यात यायची. बाकावर बसायची, जाताना हात जोडायची. एका सोमवारी मात्र ती उभीच राहिली.

"साहेब, काका म्हून राह्यले, वरीस झालं, आता मायचं उरकून टाका. पुढच्या सोमवारी पळसाच्या पानाचा पुतळा करून अग्नी देनार हायेत."

हा विधी मला माहीत होता. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांची आकृती करतात आणि तिचं दहन करतात. एकदा ती जळली की माणूस सगळ्यांच्या लेखी गेला.

"आन् मायच्या माहेरचं कोनी उरलं नाई जी," ती म्हणाली. "शेवटचं लुगडं माहेराहून यावं लागते. थे बी नाई भेटनार तिले. जित्या मायले जाळू कशी मी?"

"आठ दिवस द्या मला," मी म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे. हातात काहीच नव्हतं.

दोन दिवसांनी टेबलावरचा फोन वाजला. पलीकडून एक माणूस दबक्या आवाजात म्हणाला, की बेवारसांच्या त्या कचेरीतला ऑपरेटर बोगस माणसं भरतो आहे. "यादी काढून पाहा. अकरा जणांचा एकच बाप हाये." आणि फोन ठेवला. अशा खबरींमागे बहुतेक वेळा कचेरीतलं भांडण असतं, हे मला अनुभवानं ठाऊक होतं. तरी भांडणातून आलेली खबर खोटीच असते असं नाही. मी यादी मागवली.

खबर खरी होती. वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या आश्रयगृहांत दाखल झालेले अकरा जण, सात पुरुष आणि चार बायका. कोणी वीस वर्षांचा, कोणी सत्तरीचा. वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाच्या रकान्यात अकराही ठिकाणी एकच नाव, एकच आडनाव. ऑपरेटरचं आडनावही तेच. मला वाटलं, चोर सापडला.

सकाळीच त्या कचेरीत गेलो. बाहेर धुकं इतकं, की फाटकाजवळचं मोहाचं झाड दिसत नव्हतं. ऑपरेटर पस्तिशीतला, बारीक, इस्त्रीच्या शर्टातला. आई-वडील शेतमजूर, हा घरातला पहिला शिकलेला. भिंतीवर बुद्धाची छोटी तसबीर होती. चौकशीची माझी पद्धत साधी आहे. समोरच्याला चहा द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. खोटं बोलणाऱ्याला शांतता सोसवत नाही. यानं चहा निवांत संपवला, कप विसळून जागेवर ठेवला आणि परत येऊन बसला. मीच चिडलो.

"हे अकरा जण कोण?"

"आश्रयगृहातले हायेत साहेब. जाऊन पाहून घ्या, सगळे जिते हायेत."

"आणि हा बाप?"

त्यानं मान खाली घातली. "थो माहा हाये जी."

"काऊन लिहिलं?" माझ्याही तोंडी तिथली बोली आली.

तो उठला, कॉम्प्युटरसमोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "तुमीच भरून पाहा."

मी बसलो. फॉर्म उघडला, तो थेट कोऱ्या पानावर. नोंदींची यादी छापून निघायची, पण मागची नोंद उघडायची सोय नव्हती. पुढे-मागे जायची बटणंच काढून टाकलेली होती. भरलेलं पुसता येऊ नये, कोणी जुन्या नोंदीत हात घालू नये, म्हणून बनवणाऱ्यानं तो तसा बांधला होता. हेतू चांगलाच होता. मी एक कल्पनेतला माणूस भरला, वय टाकलं, आणि बापाच्या नावाचा रकाना मोकळा ठेवून पुढे गेलो. टण्ण असा आवाज झाला. रेघ पुन्हा त्याच रकान्यात येऊन लुकलुकू लागली. पुन्हा गेलो, पुन्हा टण्ण. तिथं काही लिहिल्याशिवाय तो फॉर्म पुढेही जाऊ देत नव्हता आणि नोंदही ठेवून घेत नव्हता.

"पहिले मी 'माहीत नाही' लिहीत होतो," तो म्हणाला. "वरून मेमो आला, नाव लिहा म्हून. मंग फॉर्मच असा केला का थे शब्द घेतच नाई. आता सांगा साहेब, ज्याले बोलता येत नाई, ज्याले आठवत नाई, त्याचा बाप मी कुठून आनू? नोंद नाई झाली तं आश्रयगृहात त्याले ठेवत नाई. पुन्हा रस्त्यावर."

"म्हणून स्वतःच्या बापाचं नाव?"

"खोटंच लिहायचं तं दुसऱ्याच्या बापाचं काऊन लिहू?" तो पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहून बोलला. "माह्या बापानं जलमभर दुसऱ्याच्या वावरात काम केलं. त्याच्या नावानं जमिनीचा पट्टा नाई, पहानीचा उतारा नाई, कोन्त्याच कागदावर तो नाई. मेला तवा दाखल्यासाठी पुरावा मांगत होते. म्हटलं, कोनाच्या तरी कामी पडू दे त्याचं नाव."

मी त्याला पकडायला आलो होतो. खाली पाहत मी टोपी उगाच सारखी केली. नोकरीत असं मला फार वेळा वाटलेलं नाही, पण त्या क्षणी त्याच्यासमोर बसायचीही लाज वाटली. तिथून पुढे मी त्याला 'तू' म्हणालो नाही.

पडद्यावर रेघ लुकलुकतच होती. बाहेर धुकं, समोर तो पांढरा चौकोन. का कुणास ठाऊक, मला माझी आजी आठवली. जनगणनेचा माणूस दारात उभा, आजोबांचं नाव विचारतो आहे, आणि आजी पदर तोंडाला लावून आत निघून जाते. आमच्या घरच्या जुन्या बायकांनी नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नाही. मरेपर्यंत नाही.

मी तिथूनच लेकीच्या शेजाऱ्याकडे फोन लावला. ती धावत आली असावी, तिला दम लागला होता.

"बाई, तुमच्या आईला कोणी नवऱ्याचं नाव विचारलं, तर ती सांगेल?"

"माय? इश्श्य, नाई जी. जलमात घेतलं नाई तिनं."

"आणि स्वतःचं नाव?"

"जे तुमाले लिहून देल्लं थे सासरचं साहेब. लगनात ठेवलं होतं. माहेरी तिचं नाव दुसरं होतं. आता आताचं विसरते आन् लहानपनचंच बोलते, तवा थेच सांगत असन."

वर्षभर ती दर सोमवारी माझ्यासमोर बसत होती आणि मी तिला हे विचारलं नव्हतं. माझ्या तक्रारीच्या नमुन्यात नावाला एकच रकाना होता, म्हणून मी एकच नाव विचारलं. फॉर्मला नावं ठेवायचा मला काय अधिकार होता?

तिनं माहेरचं नाव सांगितलं. मी अकरांच्या यादीवर बोट फिरवलं. चार बायका. तिसऱ्या ओळीत ते नाव होतं आणि पुढे बाप म्हणून ऑपरेटरचा बाप. मंचेरियलच्या बाजूचं एक आश्रयगृह. दाखल झाल्याची नोंद त्या आठवडी बाजारानंतर चौथ्या दिवसाची.

रविवारी आम्ही निघालो. जीपमध्ये मागे लेक होती आणि तिच्याशेजारी ऑपरेटर. मी त्याला यायला सांगितलं नव्हतं, तो सुट्टीच्या दिवशी आपणहून आला होता. आश्रयगृहाच्या अंगणात कोवळ्या उन्हात सात-आठ म्हाताऱ्या बसल्या होत्या. केस बारीक कापलेले, त्यामुळे सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मला एकही ओळखता आली नाही. लेक मात्र कुंपणाशीच थबकली आणि मग सरळ एकीसमोर जाऊन उकिडवी बसली.

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, थोडा वैताग होता.

"झाला काय वं तुहा बाजार?" ती म्हणाली. "कवाची बसून राह्यली मी इथं."

मी पाठ फिरवली. चौकीदार मला पाणी हवं का विचारत होता, त्याला मी हो म्हणालो.

निघताना ऑपरेटरनं लेकीची माफी मागितली. चुकीच्या नावामुळे तुमचं वरीस गेलं, म्हणाला. तिनं सगळी हकिकत जीपमध्ये माझ्याकडून ऐकली होती. ती आता रडता रडता हसली. "कागदावर तुमचा बाप माह्या मायचा बाप झाला, मंग तुमी माहे मामाच झाले की जी." तो तिच्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान होता. तो लाजून जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसला.

सोमवारी पुतळा जाळला गेला नाही. ऑपरेटरवर कारवाई होऊ नये म्हणून मी माझ्या अहवालात जे घडलं ते सगळं लिहिलं, त्याच्या बापाच्या नावासकट. काही महिन्यांनी फॉर्ममध्ये 'माहिती नाही' असा पर्याय आला. तो फक्त नव्या नोंदींना. जुन्या अकरा नोंदी कोणाला उघडताच येत नव्हत्या, त्या आहेत तशाच राहिल्या.

त्या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच, की 'ठाऊक नाही' म्हणायला जागा ठेवावी लागते. कॉम्प्युटरमध्ये आणि चौकशी करणाऱ्याच्या डोक्यातही. पुढे जितकी वर्षं नोकरी केली, तितकी वर्षं मी प्रत्येक तक्रारीत बायकांची दोन्ही नावं विचारली. रायटर कंटाळायचे.

म्हातारी त्यानंतर चार वर्षं लेकीजवळ राहिली. ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. सकाळच्या धुक्यातच गावात पोचलो. तिरडी बांधून तयार होती, पण कोणी उचलत नव्हतं. कोणाची वाट पाहताहेत, मला कळेना. थोड्या वेळानं वांकिडीच्या रस्त्यानं एक मोटारसायकल आली. ऑपरेटर उतरला. केस पांढरे व्हायला लागले होते. काखेत कागदात गुंडाळलेलं नवं लुगडं होतं. त्याचं आडनाव गावाला माहीत होतं, त्यामुळे जुन्या मंडळींपैकी दोघा-तिघांच्या माना एकमेकांकडे वळल्या. लेकीच्या काकांनी पुढे होऊन विचारलं, "तुमी कोन लागता बाईचे?"

त्यानं लेकीकडे पाहिलं. लेकीनं दारातूनच सांगितलं, "माहेरचे हायेत थे. येऊ द्या."

काका बाजूला झाले. त्यानं ते लुगडं म्हातारीच्या अंगावर पांघरलं, काठ सारखे केले, आणि मग आम्ही तिला उचललं.