शेवंताताईंचं ‘काऊन?’

ॲडव्होकेट शेवंताताई मेश्राम यांची आणि माझी पहिली भेट माझ्या गोंदियातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात झाली. त्यांच्या फोनची काच फुटली होती. रिवाजाप्रमाणे मी म्हटलं, “फोन उघडायचा पॅटर्न सांगून ठेवा, मॅडम.” तो लिहून फोनच्या पाठीवर चिकटवायला चिठ्ठीही काढली. ताईंनी आमच्या बोलीतलं ‘का’ विचारलं,

“काऊन?”

“टच चालते का, पाहावं लागते.”

“तू काच बदल. टच पाहाले मी बसली हाये ना.”

आणि काम होईस्तोवर ताई स्टुलावर बसून राहिल्या. हातगाडीवर कव्हरं विकत मी इथवर आलो. असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या दुकानातली ती चिठ्ठी बंद झाली.

ताईंना देशाच्या सुरक्षेचं काही पडलेलं नाही, असं काही मंडळी चहा पिता पिता बोलतात. माझे कान तिखट आहेत, कोण बोलतं तेही ठाऊक आहे. खास त्यांच्यासाठी पुढचा प्रसंग लिहितो.

मागच्या धानाच्या रोवणीत एका गावच्या बायांनी शेताच्या बांधीत गाणं म्हणताना व्हिडिओ काढला. वरून शिकाऊ विमान गेलं, तेही त्यात आलं. कोणीतरी वर कळवलं. चौकशीला माणसं आली आणि त्यांनी सगळ्याच बायांचे फोन गोळा केले. ताई पोचल्या. व्हिडिओ काढणारीला आधी त्यांनीच सांगितलं, “विमानाचा हाये ना? देऊन दे. तो त्यांच्या कामाचा हाये.” मग चौकशीच्या साहेबांकडे वळल्या.

“बाकीचे फोन काऊन?”

“मॅडम, देश का सवाल है.”

“देश माझाबी हाये, भाऊ. म्हणूनच पुसून राहिली. व्हिडिओ एक, मंग सगळ्यायच्या फोनातलं सगळं कायले?”

 साहेबांच्या माणसांनी सगळ्या फोनांतल्या मजकुराची नक्कल उतरवून घेतली आणि फोन परत दिले.

पुढे एका टपरीवर दोघे खिदळत होते. “दवाखान्याचे मेसेज वाचले का बे तिचे?” रोवणीतल्या त्या बायांपैकी एकीचं दुखणं, जे तिनं फोनवरून फक्त डॉक्टरांना कळवलं होतं, ते चहासोबत चघळणं सुरू होतं. मी कप ठेवला आणि तडक ताईंकडे गेलो.

नक्कल कोणी काढली, कोणी पाहिली, कधी पुसणार, असं ताईंनी त्या साहेबांना लेखी विचारलं. उत्तर आलं, ही माहिती गोपनीय आहे. वा रे वा! बाईचं दुखणं गावभर, आणि ते पाहणारा गोपनीय! कोणता शत्रू अडवला यांनी? शत्रूला काही कळलं नाही, टपरीला कळलं.

त्या बाईनं रोवणी सोडली, घराबाहेर पडणं सोडलं. ताईंनी फी न घेता तिचं प्रकरण कोर्टात नेलं. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. दर आठवडी बाजाराला ताई तिला घरून सोबत घेतात. कोणी दात काढलेच, तर भाजीची पिशवी खाली ठेवून भर बाजारात विचारतात, “काऊन हासून राहिला रे?” मग कोणी हसत नाही.

ताईंच्या पंच्याहत्तरीसाठी लिहिलेला हा लेख मी त्यांना वाचून दाखवला. त्यात त्या बाईचं नाव होतं, दुखणंही होतं. ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. “काऊन?” मी दोन्ही खोडलं.

निघताना पाया पडलो, म्हटलं, “ताई, शंभरी गाठा.”

“शंभर वर्षं कायले? तिची नक्कल पुसली का मी सुटली.”

नाही ताई, सुटका नाही. कोर्टात तारखांवर तारखा पडून राहिल्या आहेत. तिची पुसली, तरी बाकीच्या बायांच्या आहेतच. पंच्याहत्तरीनंतर गुडघे जपा, साखर जपा, आवाज आहे तसाच खणखणीत राहू द्या. आमच्या बोलीत विचारणं म्हणजेही पुसणंच. ते पुसत नाहीत तोवर तुम्ही पुसत राहा.