पहिल्या हरतालिकेची फिट

लग्नाआधी आईनं मला बजावलं होतं, "फिटचं तिथं कुणाला बोलू नकोस." शाळेत असताना मला दोनदा फिट आली होती. गोळ्या सुरू केल्यापासून कधीच नाही. चऱ्होलीला सासरी आले तेव्हा गोळ्यांची पाकिटं साड्यांच्या घड्यांत लपवली.

लग्नानंतरची पहिली हरतालिका आली. सासूबाई म्हणाल्या, "पाणीबी घ्यायचं न्हाई, पोरी." पाण्याशिवाय गोळी कशी गिळणार? सकाळची चुकली, संध्याकाळचीही. त्यात सोसायटीतल्या बायकांबरोबर रात्रभर जागरण. झोप आणि गोळी चुकवायची नाही, हे डॉक्टरांनी किती वेळा सांगितलं होतं. फुगडी घालताना मला तेच आठवत होतं, आणि भीतीनं तोंड उघडत नव्हतं.

पहाटे नवऱ्याची चाकणच्या कंपनीची बस होती. मी डब्याला पोळ्या लाटत होते. डावा हात आपोआप झटके देऊ लागला. मला कळलं. गॅस बंद करायला गेले, पण हात पोचलाच नाही.

डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर कुशीवर होते. जीभ चावलेली, साडी ओली. सासूबाई शेजारणीच्या हातातली चप्पल ढकलत होत्या, "नाकाला लावू नको, तिला श्वास घेऊ दे!" नवरा पांढराफटक पडला होता.

"आधी झालंय का असं?" त्यानं विचारलं.

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. मी होकारार्थी मान हलवली.

त्याची बस गेली. भोसरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, झोप झाली? गोळी घेतली? काही खाल्लं? तिन्हीला मी नाही म्हटलं. "मग फिट यायला आणखी काय हवं?" ते म्हणाले.

बाहेर बाकावर नवरा म्हणाला, "मला तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर लग्न केलं असतं तुम्ही?"

तो उठला आणि चिठ्ठी घेऊन औषधं आणायला गेला. त्याच्या त्या उठून जाण्याची मला फिटपेक्षा जास्त भीती वाटली.

घरी सासूबाईंनी वरणभात पुढ्यात ठेवला. "आमी काय राक्षस हाय व्हय?" म्हणाल्या आणि रडू लागल्या. मग डोळे पुसून विचारलं, "गोळी किती वाजता?"

त्यानंतर चार हरतालिका झाल्या. मी पूजा करते, जेवते, दहाला झोपते. फिट आलेली नाही. तरी अंघोळीला जाताना कडी लावायची हिंमत होत नाही.