कप्तानबाईंच्या समोर कुणी नव्हतं

कप्तानबाईंना ताजंतवानं पाहिल्याचं हिंगोलीत कुणी सांगणार नाही. सकाळी मुलींच्या शाळेचं कुलूप काढतानाच त्या दिवसभराचं काम उरकून आल्यासारख्या दिसत. "कशा आहात बाई?" म्हटलं की "दमले गं" हे उत्तर ठरलेलं. आम्ही त्यांच्यामागे त्यांची नक्कल करायचो. एक हात कमरेवर, डोळे अर्धे मिटलेले, आणि "दमले गं". एकदा त्यांनी ते पाहिलं. "कमरेवरचा हात डावा पाहिजे," एवढंच म्हणाल्या आणि गणित शिकवायला लागल्या.

कप्तानबाई हे नाव त्यांना त्यांच्या खेळामुळे मिळालं होतं. हैदराबादच्या विद्यापीठात मुलींचा बास्केटबॉलचा पहिला संघ निघाला, त्याच्या त्या कप्तान. पण हिंगोली हे जुन्या छावणीचं गाव. पलटणी कधीच उठून गेल्या होत्या, तरी कप्तान म्हणजे मिशावाला आणि घोड्यावर बसणारा, हे म्हाताऱ्यांच्या डोक्यातून काही गेलं नव्हतं. म्हणून गावाच्या लेखी कप्तानबाई म्हणजे कप्तानाची बायको. बाईंचं तर लग्नच झालेलं नव्हतं. बाजारात कुणीतरी हमखास विचारी, "कप्तानसाहेब कोन्त्या मुलखात असतेत?" सुरुवातीला बाई चेंडू, कडं, संघ असं सगळं समजावून सांगत. ऐकणारा मान डोलावून ऐकून घेई आणि शेवटी म्हणे, "ते समदं बराबर हाय, पर साहेब येतेत कवा?" पुढं पुढं बाई समजावण्याच्या भानगडीत पडेनाशा झाल्या. "येतील की," म्हणायच्या आणि वांगी निवडायच्या.

त्यांनी आमचा संघ उभा केला तो शाळेच्या मागच्या अंगणात. दोन बाभळीचे खांब रोवले आणि त्यांवर विहिरीच्या जुन्या मोटांची लोखंडी कडी बसवली. चेंडू फाटला की मोटा शिवणाऱ्या चांभाराकडेच जायचा, आणि प्रत्येक ठिगळागणिक त्याची उडी जरा वाकडी व्हायची. बाई स्टुलावर बसून डोळे मिटून शिकवायच्या. आम्हाला वाटायचं झोपल्या. तेवढ्यात आवाज यायचा, "रखमे, चेंडू आपटू नको. भाकर थापून राहिली का तू?"

खेळ झाला की लिंबाखाली बसून त्या आपल्या संघाच्या गोष्टी सांगायच्या. मैदानाभोवती कनात लावलेली असायची. पुरुषाच्या नजरेला काही पडू नये म्हणून चेंडू कनातीबाहेर गेला तर म्हातारी आया तो आणून देईपर्यंत सगळ्याजणी नुसत्या उभ्या. दुसऱ्या कॉलेजात मुलींचा संघ नव्हता आणि निजामाच्या मुलखाबाहेर जायची परवानगी नव्हती. मग निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे. "आमच्या संघाला कुणी हरवलं न्हाई," बाई म्हणायच्या. "समोर कुणी आलंच न्हाई, तर हरवणार कोण? रोज त्याच त्या पोरी. कोण कुठं वळणार ते ती वळायच्या आधी मला ठाऊक. आपल्याच माणसांशी खेळून खेळून माणूस दमतं गं. समोर एकदा तरी परकी पोरगी पाहिजे." मला तेव्हा हसू यायचं. परक्या पोरींत एवढं काय ठेवलंय, असं वाटायचं.

जर्मनच्या लढाईच्या दिवसांत बाईंनी ते मनावर घेतलं. वाशिमच्या शाळेत मुलींचा संघ आहे असं त्यांना कळलं. वाशिम म्हणजे वऱ्हाड, इंग्रजांचा मुलूख. आपला निजामाचा मुलूख कनेरगावच्या नाक्याशी संपायचा. बाईंनी घरोघर जाऊन आयांची मनं वळवली. "कडेवर लेकरू असल्यागत जपून नेते," असं म्हणत त्या प्रत्येक ओट्यावर बसल्या. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून दोन बैलगाड्या केल्या. वाटेत आम्ही गाणी म्हटली, भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. बाई मात्र एकदाही दमले म्हणाल्या नाहीत. कनेरगावच्या देवळात मुक्काम करून सकाळी नाक्यावर पोचलो.

नाकेदार उठून आला. गाडीत एवढ्या पोरी, कासोटे घालून बसलेल्या. त्यानं विचारलं, "ये सब कौन? किधर जा रहे?" बाई उतरून उत्तर देणार, तोच आमचा गाडीवान गणूमामा मोठ्या ऐटीत म्हणाला, "कप्तानबाईची पलटण हाय, मालक. वाशिमावर चाल करून निंगाली!"

गणूमामानं ते कौतुकानं म्हटलं होतं. गावात सगळे आम्हाला पलटणच म्हणायचे. पण लढाईचे दिवस, सरहद्दीचा नाका आणि कामावर नवा आलेला नाकेदार. त्याचा चेहरा उतरला. कोणता कप्तान, कोणाची फौज, त्याचा हुकूम कुठं आहे? बाईंनी सांगितलं, "कप्तान मीच. हा खेळ आहे." त्यानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. थकलेली, चुरगळलेल्या लुगड्यातली बाई. ही कप्तान आहे यावर त्याचा विश्वास बसेना, आणि कप्तान नाही असं म्हणून सोडायची त्याची हिंमत होईना. शेवटी म्हणाला, "जिले से हुकूम लाओ, परभणी से." त्यानं गाड्या तिथूनच वळवल्या.

गणूमामा बिचारा रडकुंडीला आला. "बाई, माझी जीभ झडो. म्या तर मजाक केली हो." बाई म्हणाल्या, "तुमी काय खोटं बोललात, गणूमामा? चला, बैलांना तकलीफ नको, ऊन व्हायच्या आत निघू." परतीच्या वाटेवर कुणी गाणं म्हटलं नाही. एकदाच बाई स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "वाशिमच्या पोरी वाट पाहून राहिल्या असतील." मला रडू आलं आणि मी ते शेंगांच्या टरफलांत लपवलं.

पुन्हा जाणं झालं नाही. हुकूम मिळाला नाही, आणि वर्षभरात संघातली एकेक पोरगी सासरी गेली. उरले मी. माझे वडील आमच्या कुरुंदा गावाहून हळद घेऊन बाजाराला आले की बाई त्यांना अडत्याच्या दुकानातच गाठायच्या. "हिला हैदराबादला शिकायला पाठवा."

वडील म्हणाले, "लई हुशार हाय का?"

"हुशार न्हाई. पण दमत न्हाई."

"मंग शेतातच काहून नको?"

"शेतात बैल हायत की," बाई म्हणाल्या.

वडील हसले आणि तिथंच कबूल झाले. मी विद्यापीठात गेले.

तिथं कनात तशीच होती. निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे. पहिल्या वर्षी मजा वाटली, दुसऱ्या वर्षी सवय झाली, आणि नंतर संध्याकाळी मैदानावर जाताना पाय जड व्हायला लागले. बाईंचं दमणं मला तेव्हा कळलं. शेवटच्या वर्षी मी कप्तान झाले, पण ते वर्ष अठ्ठेचाळीसचं. रझाकारांच्या धास्तीनं वसतिगृहाची दारं लागली, मैदानावर गवत वाढलं. मग सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली, निजामी गेली, रस्ते मोकळे झाले. आणि थंडीत मुलखाबाहेरून मुलींचा एक संघ आमच्याशी खेळायला आला. बाईंच्या वेळेपासूनच्या आमच्या संघाचा हा पहिला सामना. आम्ही सडकून हरलो.

सुटीत मी पूर्ण्याला गाडी बदलून हिंगोलीला आले. स्टेशनावरच कळलं की बाई अंथरुणाला खिळल्यात आणि दुसऱ्या दिवशी भाऊ त्यांना नांदेडला नेणार आहे. पुढं नांदेडहून त्या परत आल्या नाहीत. मी स्टेशनावरून तशीच त्यांच्या खोलीवर गेले. खाटेवर त्या अगदी एवढ्याशा दिसत होत्या. मी सांगितलं, "बाई, सामना झाला. हरलो आम्ही."

बाईंनी डोळे उघडले. किती गुणांनी ते विचारलं नाही. "कशा होत्या गं त्या पोरी?"

मी सांगत गेले. त्यांची वेणी घालायची तऱ्हा, त्यांचं बोलणं, पडल्यावर त्या कशा मोठ्यानं हसायच्या ते. बाई मधे मधे थांबवून पुन्हा विचारत होत्या.

"त्यांची कप्तान?"

"काळीसावळी होती. सामना संपल्यावर येऊन हात मिळवला."

"तुझ्याशी?"

"मीच कप्तान ना, बाई."

बाईंनी गोधडीतून आपला हात बाहेर काढला.

"कसा मिळवला, दाखव बरं."

मी तो हात हातात घेतला आणि त्या पोरीनं हलवला होता तसाच हलवला. बाईंनी माझा हात किती तरी वेळ सोडला नाही.