काळ्या दगडाचे पैसे

आमच्या घरात भांड्यांपेक्षा दगड जास्त होते. नवऱ्याची नोकरी पाटबंधारे खात्यात आणि नाद विहिरींतून निघणारे स्फटिक जमवायचा. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात सुरुंग लावला की आतल्या पोकळ्यांतून कधी पांढरे, कधी गुलाबी, आणि फार क्वचित हिरवे स्फटिक निघतात. ते दगड हे कपाटात कुलूप लावून ठेवायचे. माझ्या पाटल्या मात्र तांदळाच्या डब्यात असायच्या.

खरेदी बहुतेक शहागंजच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून. त्या दोघांचा सौदा मी पुष्कळदा पाहिला आहे. व्यापारी तिप्पट किंमत सांगायचा. हे दगडाला नावं ठेवायचे, टोक मोडलंय, रंग फिका आहे, मागचा काळा दगडच जास्त आहे. मग रागावल्यासारखं करून पायऱ्या उतरायचे आणि मागून हाक यायचीच, "अरे बैठो ना साहब, चाय तो पियो!" दोघंही खोटं बोलायचे, दोघांनाही ते ठाऊक असायचं, आणि शेवटी ठरायची ती किंमत रास्तच असायची. मला ते नाटक आवडायचं, उगाच नाही कशाला म्हणू?

एका उन्हाळ्यात सिल्लोडकडची एक बाई डोक्यावर गोणपाटाचं ओझं घेऊन आमच्या दारात आली. मेंढरा-बकऱ्यांवर जगणाऱ्या घरातली. बकऱ्या रोगानं गेल्यावर ती विहिरीच्या कामावर दगडमाती वाहत होती. तिथं हा दगड निघाला, कामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार म्हणाला, ने तुला पाहिजे तर. शहरात एक साहेब असले दगड घेतो, एवढं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

तिनं गोणपाट सोडलं. काळ्या दगडाच्या खळग्यात हिरवेगार स्फटिक उभे होते, एकालाही धक्का न लागलेले. ह्यांना एखादी वस्तू फार आवडली की चेहरा आंबट व्हायचा. त्या दिवशी तो इतका आंबट झाला की कपाटात आता जागा करावी लागणार, हे मी ओळखलं.

"किती?" ह्यांनी विचारलं.

"दोन बकऱ्या येतील येवढं द्या साहेब. जास्त नाय."

तिनं काही वाढवून सांगितलंच नव्हतं. लागत होतं तेवढंच मागितलं होतं. पण सवय जाते कुठं? हे म्हणाले, "ह्यात निम्म्याहून जास्त काळा दगडच आहे, बाई. काळ्याचे पैसे कोण देतं? एका बकरीचे देतो."

ती जरा वेळ दगडाकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "खरं हाये तुमचं." गोणपाट बांधलं, डोक्यावर घेतलं आणि निघाली.

"अहो, हाक मारा तिला," मी म्हटलं.

"फाटकापर्यंत जाऊ दे. वळेल."

ती वळली नाही. हे धावत फाटकापर्यंत गेले तेव्हा ती गल्लीतून दिसेनाशी झाली होती. बसस्टँडवर जाऊन शोधलं, पुढं सिल्लोडलाही चकरा मारल्या. पण गावाचं नाव विचारलंच नव्हतं, तर विचारणार काय? घरात ते कुणाशी धड बोलेनात. ती येऊ दे, मागेल ते देतो, असं मात्र मला सारखं सांगायचे.

आणि ती आली. या वेळी डोक्यावर ओझं नव्हतं, काखेत फडकं बांधलेला स्टीलचा डबा होता, आणि चेहरा हसरा.

"घ्या साहेब. काळं काईच ठिवलं नाय."

डब्यात हिरवे तुकडे होते. छिन्नीनं एकेक सोडवलेले, राखेनं घासलेले, स्वच्छ धुतलेले. तळाला नुसता चुरा. "लई चिवट व्हतं. दोन दिस बसले मी," ती म्हणाली. तिची बोटं जागोजागी कापली होती.

असा स्फटिक काळ्या पाषाणात जसा उगवला तसा असला तरच त्याला किंमत, हे इतक्या वर्षांत मलासुद्धा कळलं होतं. सुटे तुकडे म्हणजे माशांच्या टाकीत टाकायची खडी. शहागंजातला व्यापारी जे ऐकून हसला असता, ते तिनं साहेबांचं म्हणणं म्हणून घरी नेलं होतं. मला रडू आलं आणि ह्यांचा रागही आला.

मी डोळ्यांनी खुणावलं. ह्यांनी मुकाट्यानं दोन बकऱ्यांचे पैसे तिच्या हातावर ठेवले. ती एकदम खुलली. "दोन्ही गाभणच बघून घेते बाई," मला म्हणाली. मी चहा ठेवला. तिथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं.

पण ह्यांना राहवेना. विकणाऱ्याला जन्मात कधी खरी किंमत न सांगणाऱ्या माणसाला नेमकं त्या दिवशी खरं बोलायचं सुचलं. "बाई, चूक माझी आहे. काळ्या दगडासकट असता तर ह्याच्यात अख्खा कळप आला असता. मी आपला भाव पाडायला बोललो होतो."

तिनं डब्यात पाहिलं. मग स्वतःच्या बोटांकडं पाहिलं.

"मी खुशीत चाल्ले व्हते साहेब," ती म्हणाली. "ह्ये कशाला सांगितलं मला?"

हे आणखी पैसे काढायला लागले, तिनं हातानंच नको म्हटलं. चहाला तोंड लावलं नाही. पैसे मुठीत धरून ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. सिल्लोडच्या गाडीची वेळ झाल्याचं मी तिला दोनदा सांगितलं, तरी ती उठली नाही.