डाव्या वळणावरचा दिवा

रेसिंगच्या ट्रॅकवर गाडी जोरात पळवायला नेली होती. प्रत्येक डाव्या वळणावर ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागायचा आणि गाडी सरळ झाली की विझायचा. मला आधी दिव्याचाच संशय आला, मग वायरिंगचा, मग सोबत आलेल्या दत्ताभाऊ मेकॅनिकचा. गेल्याच महिन्यात त्यांनी 'ब्रेक एकदम ओके' म्हटलं होतं.

त्यांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी दाखवली. "ऑइल कमी झालंय. जोरात वळलं की ते एका बाजूला जातं आणि दिवा लागतो."

"मग भरा की."

"भरलं तर दिवा विझेल. पण ब्रेकचे पॅड झिजलेत म्हणून ऑइल उतरलंय. त्यांचं काय करायचं?"

म्हणजे रोज ऑफिसच्या रस्त्यावर सगळं ठीक दिसत होतं, ते केवळ मी कधी जोरात वळलो नाही म्हणून.

परतताना गाडी अगदी हळू चालवली. दिवा एकदाही लागला नाही आणि मला त्याचाच जास्त संशय येत राहिला.

घरी आल्यावर सवयीने बायकोला विचारलं, "ठीक ना सगळं?"

"ठीक," ती रोजच्यासारखंच म्हणाली.

रोज मी एवढं ऐकून आत जातो. आज तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.