लाल गाडीची वही

गाडीला दोनच दारं असली की ती स्पोर्ट्स गाडी. हा शोध मी अठराव्या वर्षी लावला आणि आजतागायत मागे घेतलेला नाही. टीव्हीवर शर्यतीत धावणाऱ्या गाड्यांना दोन दारं असायची, आमच्या गाडीलाही दोन दारं होती. आणखी काय पुरावा पाहिजे?

गाडी कशी होती ते सांगते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. शहापूरला माझी आत्या राहते. तिच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, ही गाडी कल्याणहून कुणाकडून तरी हौसेने आणली आणि हौस फिटल्यावर तीन वर्षं अंगणात उभी करून ठेवली. मूळचा रंग लाल, पण उन्हाने पार विटकरी झालेला. मागच्या सीटवर आत्याची कोंबडी अंडी घालायची. शेवटी आत्याने निर्वाणीचं सांगितलं, "या घरात यो खटारा तरी राहील, नायतर मी तरी." मालकांनी थोडा विचार केला म्हणे, आणि मग गाडी माझ्या बाबांच्या गळ्यात मारली. बदल्यात वर्षाचा तांदूळ.

आमचं गाव मुरबाडहून माळशेजकडे जाताना, वैशाखऱ्याच्या अलीकडे. तिथपर्यंत गाडी ट्रॅक्टरच्या मागे दोर बांधून आली. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी बारावीची परीक्षा देऊन रिकामी बसले होते, आणि चुलत्यांच्या टेम्पोवर हात साफ करून नुकतंच लायसनही काढलं होतं. बाबांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. त्यांचा हिशोब साधा होता: पोरगी गाडी चालवील, मागे भेंडीच्या जाळ्या टाकू, मुरबाडच्या बाजारात नेऊ. मुरबाडच्या मेकॅनिकने चार दिवस खपून गाडी चालू करून दिली. बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "मृगापर्यंत बघीन गो. शेताच्या कामाला आली तर राहील. नायतर जाईल भंगारात."

ही नुसती धमकी नव्हती. भंगारवाला दर आठवड्याला गावात यायचा. येता-जाता आमच्या गाडीच्या बॉनेटवर टकटक करायचा आणि खाटीक बोकडाकडे बघतो तसा तिच्याकडे बघायचा. मला त्याचा असा राग यायचा! कारण मला ती गाडी हवी होती. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी एस.टी.ची वाट बघण्यात घालवली होती. तालुक्यात गाडी चालवणारी दुसरी मुलगी मला तरी ठाऊक नव्हती. आणि एस.टी. स्टँडवर टवाळक्या करत बसणारी पोरं मला बघून "काय मॅडम, गाडी चुकली का?" म्हणायची, त्यांच्यासमोरून मला एकदा झूमकन जायचं होतं. बस्स. एवढीच इच्छा.

तर मी केमिस्ट्रीची जुनी वही उलटी केली आणि मागच्या पानावर लिहिलं, 'गाडीत करायच्या सुधारणा'. भेंडीच्या जाळ्या हा शब्द त्या वहीत कुठेही नव्हता.

पहिली सुधारणा पट्टा. बॉनेटपासून डिकीपर्यंत सरळ पांढरा पट्टा. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायचा ऑइलपेंट माळ्यावर उरला होता, तो लावला. पट्टा सरळ आला नाही, पण वेग आल्यावर कोण बघतंय? दुसरी सुधारणा हॉर्न. शहापूरला हायवेवर ट्रकचं सामान मिळतं, तिथून सात सुरांचा हॉर्न आणला. तो वाजवला की आमचा बैल दावं तोडायला बघायचा. तिसरी सुधारणा मागचा पंख. शर्यतीच्या गाड्यांना डिकीवर आडवी फळी असते ना, ती. फळी कुठून आणायची? आईचा बसायचा पाट! चांगला सागवानी, पितळी फुल्यांचा. काळा रंग दिला, मुरबाडच्या ग्रिलवाल्याकडे जाऊन डिकीच्या झाकणाला चार भोकं पाडून घेतली आणि पाट नट-बोल्टने आवळून टाकला. बोल्ट भोकांपेक्षा बारीक होते, पाट जरा डुगडुगायचा. आई आठवडाभर पाट शोधत होती. मी पण शोधत होते, तिच्याबरोबर.

राहिली शेवटची आणि सगळ्यात मोठी सुधारणा. स्पोर्ट्स गाडी जमिनीला चिकटून चालते. आमची गाडी मागून उचललेली, विंचवासारखी. मी मेकॅनिकला म्हटलं, "स्प्रिंग कापून खाली करून द्या." तो गाडीखाली झोपला होता, तसाच बाहेर सरकला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"कापतो की," तो म्हणाला. "पर तुमच्या घरी जाताना बांध लागतो ना? तो काय उडी मारून वलांडशील? लोकं गाडी उंच करून मागतात, नी ही बया खाली करून मागते."

माझा अपमान झाला. मी म्हटलं, नको तर नको, आपल्याकडे अक्कल आहे. गाडी खाली बसवायला स्प्रिंगच कशाला कापायला पाहिजे? मागे वजन टाकलं की बसली! आधी दगड टाकून बघितले, पण ते वळणावर असे गडगडायचे की वाटावं गाडीच फुटली. वजन मऊ पाहिजे. आणि मग माझी नजर पडवीत गेली.

पडवीच्या कोपऱ्यात भाताच्या दोन गोण्या होत्या, तोंडं लाल चिंधीने शिवलेल्या. ते बियाणं होतं. खोटं कशाला सांगू, मला पक्कं ठाऊक होतं ते बियाणं आहे म्हणून. आमच्या घरचं जुनं वाण, दर सुगीला बाबा स्वतः ओंब्या निवडून बाजूला काढायचे. दुकानात मागून मिळणार नाही असलं. पण रोहिणी लागेपर्यंत बियाण्याला घरात कोणी हात लावत नाही, आणि रोहिणीला पंधरा दिवस अवकाश होता. म्हणजे ज्या गोण्यांची कोणी चौकशी करणार नाही, अशा घरात त्याच दोन! कामापुरत्या घ्यायच्या, वेळेआधी गुपचूप परत ठेवायच्या. मी गाडी उलटी आणून पडवीच्या ओट्याला लावली आणि गोण्या लोळवत डिकीत ढकलल्या. त्यांच्या जागी रिकाम्या जाळ्या रचून वर पोतं टाकलं.

गाडी अशी काय बसली म्हणता! मी लांब जाऊन बघितलं, खाली वाकून बघितलं, आरशात बघितलं. मग मुरबाडला गेले आणि एस.टी. स्टँडवरून सात सुरांचा हॉर्न वाजवत निघाले. पोरं खरंच उभी राहिली. एकाच्या हातातली भजी खाली पडली, ती मी स्वतः बघितली. त्या दिवशी मी एवढी खूश होते की तशीच पुढे शहापूरला गेले, आत्याला दाखवायला. आत्याचे मालक बाहेर आले, मागच्या चाकांकडे बघून हळहळले आणि म्हणाले, "स्प्रिंगचे पाटे तुटले गो गाडीचे! पार बसली बघ मागून. बाबांना सांगू नको, मी देतो जोडून." मी त्यांना काही समजवायला गेले नाही. गाढवापुढे वाचली गीता.

आता स्पोर्ट्स गाडी म्हटली की चकचकीत पाहिजे. मी रोज सकाळी गाडी विहिरीवर न्यायची, पंप चालू करायची आणि पाइपने पाणी मारायची. वरून, खालून, आणि पाटावर तर जास्तच, कारण काळा रंग ओला झाला की झळकायचा. डिकीच्या चार भोकांचं मला भानच नव्हतं.

रोहिणी जवळ आली तशी गाडीत वास येऊ लागला. आधी गोडसर, मग आंबूस, इडलीचं पीठ फुगल्यासारखा. मला वाटलं आत्याची कोंबडी सीटखाली एखादं अंडं विसरली असेल. सगळी गाडी शोधली. सगळ्यात शेवटी डिकी उघडली, तर आतून गरम वाफ तोंडावर आली. गोण्यांना हात लावला, तर जिवंत जनावराच्या अंगासारख्या ऊबदार. आणि तागाच्या विणीतून, सगळीकडून, पांढरे पांढरे कोंब बाहेर आलेले.

मी डिकी धाडकन लावली. जणू बंद केली की कोंब उगवायचे थांबणार होते!

तेवढ्यात पडवीतून बाबांचा आवाज आला. ते धूळवाफ्यात, म्हणजे कोरड्या मातीत, बी पेरायची तयारी करायला आले होते आणि पोत्याखाली त्यांना भेंडीच्या जाळ्या सापडल्या होत्या. "बियाणं कुठंय? कोणी नेलं बियाणं?" आई धावत आली. दोघं उंदरावर गेले, मग चोरावर गेले, मग बाबांनी शेजारच्या वाडीतल्या एका गरीब माणसाचं नाव घेतलं, जो दोन दिवसांपूर्वी विळा मागायला आला होता. बाबा चपला घालायला लागले.

तिथे माझी सगळी मस्ती उतरली. गाडी जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं. गप्प बसले असते तर कदाचित आठवडाभर आणखी राहिली असती. पण दुसऱ्याच्या दारात बाबा माझ्यामुळे आरडाओरडा करणार, हे मला सोसलं नाही. मी म्हटलं, "बाबा, नेलं नाय कोणी. डिकीत हाय."

बाबांनी डिकी उघडली. आईची नजर पाटावर गेली, तिने तोंड उघडलं आणि बाबांकडे बघून परत मिटलं. मी डोळे बंद केले आणि गाल पुढे करून उभी राहिले, कारण कानाखाली जाळ निघणार याची मला खात्री होती. पण बाबांनी गोणीचं तोंड उसवलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर मोड आलेलं भात बाहेर काढून नाकाशी नेलं.

"पाणी कवापासून मारतेस?"

"रोज."

"नी डिकी बंद?"

"बंदच."

"हं," बाबा म्हणाले. "मधलं थोडं तापून कुजलंय. बाकीचं..." आणि मग एकदम माझ्यावर ओरडले, "बघत काय बसलीस सटवे? पंप चालू कर! हे आता धुळीत पेरून चालायचं नाय, करपून जाईल. आजच्या आज चिखल पायजे!"

मोड आलेलं बी चिखलात फोकायची पद्धत आमच्याकडे जुनीच आहे, रहू म्हणतात तिला. कधी पाऊस आधीच घुसला आणि कोरडी पेर जमली नाही, तर नाइलाजाने करतात. पाऊस नसताना, भर उन्हात, विहिरीच्या पाण्यावर रहू करणारे आम्हीच पहिले असू. दिवसभर आम्ही तिघांनी विहिरीखालच्या तुकड्यात चिखल केला. येणारा-जाणारा बांधावर थांबून विचारायचा, "काय हो, याड लागलं काय?" बाबा मान खाली घालून चिखल तुडवत राहायचे. संध्याकाळी बी फोकून झालं तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "उगवलं तर गाडी राहील. नाय उगवलं तर तू नी गाडी, दोघी भंगारात."

पुढचे आठ दिवस मी ती वही उघडली नाही. उघडं बी बघून आख्ख्या पंचक्रोशीतल्या चिमण्या आणि पारवे आमच्या शेतावर उतरले. मी गाडी बांधावर उभी केली, आत बसले, आणि पाखरं उतरली की सात सुरांचा हॉर्न. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. गावाने मला इतक्या शिव्या दिल्या की त्यांत एखादी नवीन उरली नसेल. भंगारवाला येऊन गेला. बाबांनी त्याला सांगितलं, "पुढच्या हप्त्याला ये." मला रडू आलं, पण रडता रडताही हॉर्न दाबत होते.

सहाव्या दिवशी चिखलावर हिरवी झाक दिसली. मला वाटलं भास आहे. आठव्या दिवशी तिथे हात ठेवला तर तळव्याला गुदगुल्या होत होत्या. बाकीच्यांच्या धूळवाफ्यात अजून मातीच होती, आणि "याड लागलं काय" म्हणणारे आता बांधावर बसून बाबांना विचारत होते, "मोड इतके सारखे कसे काय काढले हो? कशात दाबलं होतं?"

बाबा शांतपणे म्हणाले, "हाय आमच्याकडे एक मशीन."

पुढच्या हप्त्याला भंगारवाला आला आणि सवयीने बॉनेटवर टकटक केली. बाबा ओट्यावरूनच खेकसले, "ए, हात नको लावू. कामाची गाडी हाय ती." मग आत गेले आणि माझी वही घेऊन आले. कुठे सापडली होती कोण जाणे. सगळी वाचलेली दिसत होती, पाटाचं पान तर आईनेही वाचलं होतं, कारण त्या पानाला पिठाची बोटं होती. बाबांनी वही माझ्या मांडीवर टाकली आणि बैल सोडायला गेले.

बाबा चौथी शिकलेले. माझ्या सुधारणांच्या खाली त्यांनी पेन्सिलीने, एकेक अक्षर दाबून लिहिलं होतं: 'डिकीला खालून पण दोन भोकं पाडणे. पाणी निथळत नाय.'